आधी नमुना, मग पावडर

प्रति,
खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, सदस्य, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि पाणी समित्यांतल्या भगिनी

विषय : पिण्याच्या पाण्यातल्या जंतूंची तपासणी कधी करावी आणि तिचा निकाल कुणाला सांगावा

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. हायस्कूलमध्ये 31 वर्षं विज्ञान शिकवलं. तुमच्यापैकी काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत, म्हणून हे पत्र अर्जाच्या भाषेत न लिहिता घरच्यासारखं लिहितो आहे. खुलं लिहिण्याचं कारण एवढंच, की यातली गोष्ट माझ्या एकट्या गावाची नाही.

काही वर्षांमागं श्रावणात आमच्या वरच्या गल्लीत कावीळ आली. आधी एका घरातले बापलेक, मग समोरचं घर, मग गल्लीच्या टोकाची दोन-तीन घरं. शेजाऱ्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला आठवा लागला होता. तिलाही झाली. बेळगावच्या दवाखान्यात दहा दिवस होती. ती वाचली, मूल राहिलं नाही.

ती दवाखान्यात असतानाच गावात धावपळ झाली. सकाळी जीप आली. विहिरीत आणि टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली, इतकी की दुपारी घागरीजवळ नाक नेववेना. मग चार वाजता त्याच विहिरीतलं पाणी बाटलीत भरून तपासणीला नेलं. पंधरा दिवसांनी कागद आला : पाणी पिण्यास योग्य. कागद वहीत चिकटला आणि आमच्या गल्लीत कावीळ कशानं आली याचा शोध तिथंच थांबला.

कुणी मुद्दाम असं केलं, असं मी म्हणत नाही. माणसं घाबरली होती, काहीतरी लगेच करून दाखवायचं होतं. पण आधी नमुना आणि मग पावडर, एवढा क्रम पाळला असता तर पाच मिनिटं जास्त गेली असती. आणि दोष विहिरीचा, की त्याच मे महिन्यात गटार खणताना दुखावलेल्या पाइपाचा, हे कळलं असतं. पावडर पडलेल्या पाण्यात जंतू शोधणं म्हणजे सारवून झालेल्या अंगणात पावलांचे ठसे शोधणं.

पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे बहुतेक वेळा हेपटायटिस ई या विषाणूची, दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. पटकी मात्र काही तासांपासून पाच दिवसांत गाठते. म्हणजे श्रावणात डोळे पिवळे झाले, तर तो घोट घेतलेला असतो मृगात नाहीतर आर्द्रात. रोगी दिसल्यावर आपण विहिरीकडं धावतो, तोवर ते पाणी केव्हाच संपलेलं असतं. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतते, आणि आपल्या रिवाजाप्रमाणं लेकी नेमक्या त्याच महिन्यांत माहेरच्या विहिरीचं पाणी प्यायला येतात. म्हणून पाण्याची नजर रोगाच्या आधी लागायला हवी.

आता वहीबद्दल. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालं. आपल्या राज्यात त्याला 'मनेमनेगे गंगे' म्हणतात, घरोघरी गंगा. माणशी रोज 55 लिटर पाणी, हे त्यातलं वचन सगळ्यांना पाठ आहे. त्याच मिशनच्या सूचनांत स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असं लिहिलं आहे. प्रत्येक गावात पाच जणींना तपासणीचं किट वापरायला शिकवावं, असंही आहे. मी दोन-तीन गावांच्या वह्या पाहिल्या. तारखा एप्रिलच्या आणि नोव्हेंबरच्या. नियम पाळलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, जमिनीतून महिनोन् महिने गाळून आलेलं. वर्षातलं सगळ्यांत स्वच्छ पाणी तेव्हाचं. नोव्हेंबरात पाऊस जाऊन महिना लोटलेला असतो, गढूळपणा खाली बसलेला असतो. राहिले जून ते सप्टेंबर. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत विहीर चार-पाच हात वर येते. ते पाणी कुठून येतं? परड्यातून, गोठ्याच्या मागून, उकिरड्याखालून, शोषखड्ड्याला वळसा घालून. दोन तपासण्यांच्या मधली ही चार महिन्यांची फट आहे आणि आजार तिथूनच शिरतो. वर्षातून दोनदा ही किमान संख्या आहे. तिसऱ्यांदा करू नका, असं कुठंही लिहिलेलं नाही.

आपल्या जमिनीचीही एक खोड आहे. खानापूरपासून बेळगाव शहरापर्यंतच्या मोठ्या पट्ट्यात खाली जांभा दगड आहे. घरं त्याचीच, विहिरीचे कठडेही त्याचेच. हा दगड भोकाभोकांचा, त्यातून पाणी भराभर खाली जातं. वाळूच्या थरातून मुरताना पाणी जसं गाळलं जातं, तसं जांभ्याच्या भेगांतून उतरताना होत नाही. वर जे सांडलं ते जवळजवळ तसंच विहिरीत उतरतं. विहिरीपासून 10 मीटरच्या आत संडासाचा खड्डा आहे का, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणी तक्त्यातला ठरलेला प्रश्न. आपल्याकडं 10 मीटर पुरतील अशा भ्रमात राहू नये, असं माझं मत आहे. 2014 नंतर घरोघरी संडास झाले, ही फार मोठी आणि चांगली गोष्ट झाली. बायांचे हाल थांबले. पण जुना आड कुठं आणि नवा खड्डा कुठं, हे फुटपट्टी घेऊन कुणी पाहिलं नाही. माझ्या गल्लीत एक आड आणि तीन खड्डे अशा बेतानं बसले आहेत, की बैलगाडीचं जू आडवं धरलं तर दोन्हीकडं टेकेल.

उत्तरेकडं दूधगंगा-वेदगंगेच्या काठी गोष्ट वेगळी. तिथं ऑगस्ट 2019 सारखा पूर आला की विहिरी आणि बोअर सगळंच पाण्याखाली जातं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरतं, शेतातल्या विहिरी त्यात बुडतात. अशा ठिकाणी माझ्या क्रमाला एक अपवाद आहे. पुराचं पाणी विहिरीत शिरलेलं डोळ्यांनी दिसतंय, तर नमुन्यासाठी थांबायचं कारण नाही. उपसा काढावा, पावडर टाकावी, क्लोरिनचा वास जाऊ द्यावा, आणि मग नमुना स्वच्छ आल्यावरच विहीर मोकळी करावी. एरवी क्लोरिन असलेल्या पाण्याचा नमुना घ्यायचाच झाला, तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उरलेला क्लोरिन उरलेले जंतू मारत राहतो आणि निकाल खोटाच चांगला येतो. आमच्या गल्लीतल्या त्या बाटलीत ते होतं का, हे मी विचारलं. ज्याला विचारलं त्यानं हे नावच पहिल्यांदा ऐकलं.

कुणाला वाटेल, आता विहिरी कोण पितं, घरोघरी नळ आले. नळाचं सांगतो. नळाला पाणी दिवसाआड, कुठं चार दिवसांनी सुटतं. पाणी बंद असतं तेव्हा पाइपात पोकळी होते आणि सांध्याच्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गटारातून गेला असेल तर काय आत येतं, ते लिहीत नाही. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये यावर अभ्यास झाला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि बाकीच्या शहरात अधूनमधून सोडलेलं पाणी, अशी तुलना केली. अधूनमधून येणाऱ्या नळांच्या जवळजवळ तीनातल्या एका नमुन्यात ई. कोलाय सापडला, आणि सतत चालणाऱ्या नळांत शंभरात एकालाही धड नाही. पाणी सुटल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं जाऊ द्यावीत, मग हंडा लावावा, हे आमच्या आया-बहिणींना अनुभवानं ठाऊक होतंच. पण गल्लीच्या शेवटच्या नळावरची बाई ती दोन मिनिटं कुठून आणणार? तिच्याकडं पाणीच अर्धा तास येतं. म्हणून नळाचा नमुना टाकीखाली घेऊ नका, तो शेवटच्या घरातला घ्या.

ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारा जंतू. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी तो शोधतात, कारण तो पाण्यात दिसला म्हणजे विष्ठा पाण्यात पोहोचली याची ती पावती. आणि विष्ठा पोहोचली की तिच्यासोबत टायफॉइड, पटकी, कावीळ काहीही पोहोचू शकतं. भारतीय मानक आयएस 10500, 2012 ची आवृत्ती, स्वच्छ सांगते : 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. इथं 'थोडासा' चालत नाही.

विष्ठा पाण्यात पोहोचली का, याची गावातल्या गावात करायची तपासणी म्हणजे ती काळी होणारी बाटली. 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ही रीत प्रसिद्ध केली. साध्या कागदाच्या पट्टीवर जंतूंचं खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार वाळवलेला असतो. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. विष्ठेतले काही जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, तो लोहाशी मिळून काळा साका धरतो. परीक्षेला येणारा हा प्रश्न मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला, विहिरीवर मात्र निवृत्त झाल्यावर केला.

नववीतल्या दोन मुलींना घेऊन मी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चार बाटल्या भरल्या : चव्हाट्यावरची विहीर, शाळेजवळचा बोअर, वरच्या गल्लीतला शेवटचा नळ, आणि घरातला शुद्ध पाण्याचा कॅन. विहिरीवर कपडे धुणारी एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, पानी काचेगत हाय की. आनी काय बघुलालासा त्यात?" खरंच काचेसारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची बाटली शाईसारखी काळी, नळाची दुपारपर्यंत काळी. बोअरची तशीच राहिली. कॅनची चाळीस तासांनी काळी पडली. त्या दोन मुलींचे चेहरे मी विसरलेलो नाही. त्यांच्या घरी तोच कॅन येतो.

कॅनचं त्यांना समजावून सांगावं लागलं. गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या घटकातून नाणं टाकून भरलेलं पाणी निघताना चांगलंच असतं. पण त्यात क्लोरिन राहिलेला नसतो, रक्षणाला कुणी नाही. कॅन आतून कधी घासला नाही, पेला हातासकट बुडवला, की सगळं मुसळ केरात.

या बाटलीच्या मर्यादाही सांगतो. ती फक्त हो किंवा नाही सांगते, किती ते सांगत नाही. कधी जमिनीतल्या साध्या जंतूंमुळंही काळी होते. म्हणून काळी झाली तर पाणी उकळून प्यायला सांगायचं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. काळी झाली नाही तर ते प्रमाणपत्र समजायचं नाही, कारण ती विषाणू दाखवत नाही. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेतलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आलं, 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली. क्लोरिन वाढवलेला होता, टायफॉइड-हगवण वाढली नाही, कावीळ मात्र पसरली. विषाणू हे जंतूंपेक्षा चिवट असतात.

आणखी एक, जे किटच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. बाटलीला 30 ते 37 अंश ऊब लागते. आषाढात आमच्याकडं घरात गारठा असतो, बाटली फळीवर तशीच ठेवली तर ती सुस्त राहते आणि आपण 'पाणी चांगलं' लिहून मोकळे. मी पत्र्याच्या डब्यात छोटा पिवळा दिवा लावून, आत थर्मामीटर ठेवून भागवतो. काळी झालेली बाटली गटारात ओतू नका. तिच्यात आता कोट्यवधी जंतू वाढलेले असतात. ब्लीचिंगचं दाट पाणी घालून अर्धा-एक तास ठेवा, मग खड्ड्यात टाका. मुदत संपलेल्या बाटल्या वापरू नका. एका गावात मला कपाटात खोक्यासकट न उघडलेल्या सापडल्या, मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

जंतूंची तपासणी ही परीक्षा. रोजची हजेरी म्हणजे क्लोरिन. शेवटच्या नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. मानकाप्रमाणं निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि विषाणूंचं भय असेल तर 0.5. काम एका मिनिटाचं. हे काम वॉटरमन रोज करू शकतो. त्याला शिकवा, वही द्या, आणि त्याचा पगार वेळेवर द्या. तीन-तीन महिने पगार थकलेल्या माणसाकडून रोजची हजेरी मागायला तोंड कुठलं?

पावडरही मोजून टाका. 10 फूट व्यासाची विहीर, 12 फूट पाणी, म्हणजे साधारण 26 हजार 700 लिटर. चांगल्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर 65 ते 70 ग्रॅम पुरतात, पाणी फारच घाण असेल तर जास्त. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ विहिरीत सोडायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. आपल्याकडं मात्र अंदाजानं पाटी ओततात. वास येतो, लोक विहीर सोडून ओढ्यावर जातात, आणि ओढ्याचं पाणी त्याहून वाईट. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरिन पावसाळ्यात उडून जातो, हेही लक्षात ठेवा.

आता निकालाबद्दल. प्रयोगशाळेचा कागद कन्नडमध्ये येतो. तो कन्नडमध्ये यायलाच हवा, राज्याची भाषा आहे. पण जिथं 15 टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांना 1956 पासून दिलेलं आहे. पाणी पिऊ नका, याहून महत्त्वाची सूचना कोणती? आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका मराठीतलं तरी कितपत वाचतात, म्हणून मी अक्षरांच्या पलीकडचंही मागतो. पलीकडं चंदगड-गडहिंग्लजकडं पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. तीच युक्ती विहिरीच्या कठड्यावर आणि गल्लीच्या टोकाच्या खांबावर आणा. पत्र्याची पाटी, लाल किंवा हिरवी, खाली तारीख, आणि दोन ओळी, एक कन्नड एक मराठी. घागर घेऊन आलेल्या बाईला कळलं पाहिजे. आजवर निकाल तिला सोडून सगळ्यांना कळला.

ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यातल्या मुदेनूरला दूषित पाण्यानं माणसं दगावली. पुढच्याच वर्षी चित्रदुर्गातल्या वस्तीत तसंच झालं. दोन्ही वेळा सगळ्यांनी धावाधाव केली, माणसं गेल्यावर.

म्हणून माझी मागणी अशी. दर पंचायतीच्या कपाटात मुदतीतल्या निर्जंतुक बाटल्या आणि एक बर्फाचा डबा ठेवा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाइप फुटून दुरुस्त झाल्यावर आणि गल्लीत एकाच आठवड्यात दोन घरी हगवण किंवा कावीळ झाल्यावर पावडरीच्या आधी नमुना घ्या. जांबोटीहून सकाळच्या बसनं निघालेली बाटली दुपारपर्यंत बेळगावात पोहोचते. नमुना चोवीस तासांत प्रयोगशाळेत पडला म्हणजे झालं. नमुना घेतला, बाटलीवर वेळ लिहिली, की लगेच पावडर टाका, निकालाची वाट पाहत बसू नका. पावडर कधी टाकली तीही वेळ वहीत लिहा. वहीतल्या या दोन वेळा पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या पाच जणी किट चालवतात त्यांना त्या दिवशी पुढं बसवा आणि त्यांच्या कामाचे पैसे द्या. बेळगावात मायक्रोबायोलॉजी शिकवणारी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या मुलांना पावसाळ्यात खेड्यात पाठवा, मी चहापाणी बघतो.

यंदा मृगाचा मोठा पाऊस पडला की तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चव्हाट्यावरच्या विहिरीवर असेन. त्या दोन मुली आता कॉलेजात आहेत, त्याही येणार आहेत. चार बाटल्या भरू, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता जशा असतील तशा पंचायतीत आणून ठेवू. टेबलावर तेवढी जागा करून ठेवा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव